सात अक्षरांची जागा

दत्ता गेल्याचं मला इंडियन स्टोअरमध्ये कळलं. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात फोन. मेसेज रेवाचा होता, म्हणजे त्याच्या मुलीचा. वसूमावशी, बाबा आज सकाळी गेले, चहा घेत खुर्चीत बसले होते, हार्ट होतं... मी तो दोनदा वाचला. आणि आता जे सांगते आहे ते सांगायला मला सहा आठवडे लागले. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. पहिल्यांदा आलं ते असं, की चला, आता कुणालाच माहीत नाही. हायसं वाटलं मला. क्षणभरच, पण वाटलं. मग मेथी तिथेच टाकून पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले आणि ढसाढसा रडले. त्यातलं दत्तासाठी किती होतं आणि स्वतःची शरम वाटून किती, ते अजून मला नीट सांगता येत नाही. तीस वर्षांचा मित्र जातो आणि बाईला हायसं वाटतं! असल्या बाईने त्याच्यावर लिहूच नये खरं तर. पण जे लिहायचं आहे ते सांगू शकेल अशी मी एकटीच उरले आहे, त्यामुळे इलाज नाही.

दत्ता सांगलीचा, मी नागपूरची. दोघंही शिकायला अमेरिकेत आलो आणि ध्यानीमनी नसताना एका जपानी व्हिडिओ गेम कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या शाखेत चिकटलो. शाखा कसली, गोडाऊनच्या रांगेतला एक गाळा होता तो. एका अंगाला फरशांचं दुकान, दुसऱ्या अंगाला कराटेचा क्लास, आणि मधे आम्ही बारा जण. मूळ कंपनी ओसाकाची, दोन भावांनी काढलेली. थोरला नाणं टाकून खेळायची यंत्रं दुरुस्त करत असे, धाकट्याचा हात चित्रात चांगला होता. यंत्र दुरुस्त करता करता थोरल्याला वाटलं, आपणही एक खेळ बनवून बघू. मासे टिपणाऱ्या बगळ्याचा तो खेळ धाकट्याने काढलेल्या बगळ्यामुळे असा काही चालला, की वर्षभरात दोघांनी दुरुस्तीचं दुकान बंद करून कंपनी थाटली. पुढे टीव्हीला जोडून घरी खेळायची यंत्रं आली, तसे हेही कार्ट्रिजवाले खेळ बनवायला लागले आणि ते इंग्रजीत विकायला अमेरिकेत आमची शाखा उघडली. हे सगळं मला कसं माहीत, तर दत्तामुळे. मी तिथे पगारासाठी जात होते. त्याला मात्र ओसाकातल्या त्या दुकानाच्या दारावर कसली पाटी होती, तेसुद्धा विचारून घ्यायचं असायचं.

त्या कंपनीत एक रीत होती, त्या काळी जपानात बऱ्याच ठिकाणी होती म्हणे. खेळ संपल्यावर पडद्यावर बनवणाऱ्यांची नावं येतात ना, त्यात कुणाचं खरं नाव द्यायचं नाही. चांगला माणूस कोण ते दुसऱ्या कंपनीला कळलं तर ते पळवून नेतील, ही भीती. म्हणून प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं. संगीत देणाऱ्या गृहस्थांचं नाव 'मुळा', चित्रं काढणाऱ्या बाईंचं 'डावखुरी मांजर'. आमच्या शाखेतही तेच. मी नागपूरची म्हणून 'ऑरेंज' झाले. दत्ता सांगलीहून येताना भडंग आणायचा, स्टीलच्या डब्यात भरून टेबलावर ठेवायचा, आणि आमचे साहेब मोरिता-सान येता-जाता मूठभर उचलायचे. तेव्हा त्याचं नाव ठरवायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. इंग्रजीत सात अक्षरं, 'भडंग'.

आमचं काम जपानी खेळ इंग्रजीत आणायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण कार्ट्रिजमधल्या चिपमध्ये जागा ठरलेली, आणि जपानीत चार खुणांत जे मावतं त्याला इंग्रजीत ओळभर अक्षरं लागतात. त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला शब्द मोजून लिहावे लागत. दत्ताने त्यावर एक युक्ती काढली होती. वारंवार येणाऱ्या अक्षरांच्या जोड्यांना एकेक खूण देऊन सगळा मजकूर दाबून बसवायचा, बायका बॅगेत दिवाळीचा फराळ बसवतात तसा. चिपमध्ये किती मावतं हे आमच्या ऑफिसात त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. हे लक्षात ठेवा.

आमच्या वाट्याला जो सगळ्यात चांगला खेळ आला, त्याची नायिका एक म्हातारी होती. गावोगाव फिरून छत्र्या दुरुस्त करणारी. तलवारी नाहीत, राक्षस नाहीत, गावात जायचं, लोकांशी बोलायचं, छत्री शिवायची आणि पुढच्या गावाला निघायचं. निघताना ती दर वेळी एकच वाक्य म्हणते. त्याचा सरळ अर्थ, जाऊन येते. दत्ता ते वाचून खुर्चीवरून उठलाच. "वसू, अगं ही म्हातारी 'येते' म्हणतीय! आपल्यासारखीच! घराबाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही यांच्यातसुद्धा!" त्याने तिथे इंग्रजीत घातलं, 'आय विल कम, देन'. मी म्हटलं, वेडा झालास का, अमेरिकेतली मुलं म्हणतील ही बाई जाते आहे का येते आहे? सरळ 'गुडबाय' लिही. पुष्कळ वाजलं आमचं त्यावरून. मी सीनिअर होते, हट्टी तर आहेच. पण मोरिता-सानने ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं, डब्यातलं भडंग तोंडात टाकलं आणि मान डोलावली. वाक्य राहिलं. त्या खेळातली बहुतेक सगळी वाक्यं दत्ताची होती. मी तपासली, काही सुधारली, दोन-तीन गावं माझी. बस.

खेळ संपत आला आणि सांगलीहून फोन आला, आई अंथरुणाला खिळली आहे. दत्ता दुसऱ्या दिवशी निघाला. जायलाच हवं होतं, कुणीही गेलं असतं. पण मागे राहिलेलं सगळं टेस्टिंग माझ्या डोक्यावर आलं, आणि मी त्याच्यावर धुसफुसत होते. आई मरणाच्या दारात असलेल्या माणसावर मी रागावले होते, हे लिहितानाही कसंतरी होतं. शेवटच्या आठवड्यात ओसाकाहून नावांची यादी फॅक्सने आली. खाली आमची नावं जोडायची होती. मोरिता-सान म्हणाले, इंग्रजी शब्दांसाठी कुणाची नावं घालायची ते तुम्ही बघा, तुम्हाला माहीत आहे. मला माहीत होतंच. मी लिहिलं, 'इंग्लिश वर्ड्स: ऑरेंज'. खाली 'भडंग' लिहिलं. मग खोडलं.

का, हे मी स्वतःला हजारदा विचारलं आहे आणि दर वेळी नवं कारण पुढे केलं आहे. तो शेवटी हजर नव्हता. बाईच्या नावाखाली पुरुषाचं नाव आलं, टोपणनाव का असेना, की ऑफिसातले लोक सगळं श्रेय त्यालाच देतात, आणि हे काही खोटं नाही, मी ते भोगलेलं आहे. पण खरं सांगू? मला पडद्यावरचं ते पान माझं एकटीचं हवं होतं. एवढंच होतं ते.

आई गेल्यावर चौदावा करून दत्ता परत आला. डोक्यावरचे केस अजून नीट वाढले नव्हते. त्याने काही विचारायच्या आत मीच घाईघाईने सांगून टाकलं, "अरे, तुझं नाव घालायचं होतं रे, पण चिपमध्ये जागाच उरली नाही." कुणाला सांगते आहे मी हे? ज्याने स्वतःच्या हाताने त्या चिपमध्ये एकेक अक्षर बसवलं त्याला! स्वयंपाक करणारीलाच सांगायचं, की डबा भरलेला होता.  दत्ता म्हणाला, "हो का? असंल." आणि पिशवीतून नवा डबा काढून टेबलावर ठेवला. आईच्या हातचं शेवटचं भडंग होतं ते. आजारी पडायच्या आधी करून ठेवलेलं. पहिली मूठ त्याने मला दिली आणि मी खाल्ली.

पुढे कंपनी बुडाली. भावाभावांत बिनसलं, थोरल्याला मोठाले त्रिमिती खेळ करायचे होते, धाकट्याला हाताने काढलेली चित्रं सोडवेनात. धाकटा बाहेर पडला. मोठा खेळ वेळेत झाला नाही, झाला तेव्हा चालला नाही. आमची शाखा एका सोमवारी सकाळी बंद झाली, खोकी हातात देऊन घरी पाठवलं. ओसाकाचं ऑफिस त्यानंतर थोडी वर्षं तगलं आणि मग नाव तेवढं कुणाला तरी विकून तेही मिटलं. मी एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये गेले, दत्ता दुसऱ्या कंपनीत. पण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावातच राहिलो दोघंही, गणपती, दिवाळी, पोरांचे वाढदिवस एकत्र. त्याची बायको नीला आजारात गेली तेव्हा रेवा कॉलेजात होती. ती माझ्याकडे सुट्टीला यायची.

आणि मग कुणी अपेक्षा केली नव्हती ते झालं. त्या म्हातारीचा खेळ लहानपणी खेळलेली पोरं मोठी झाली, इंटरनेटवर एकमेकांना सापडली आणि त्यांनी तो डोक्यावर घेतला. विशेषतः त्याचं इंग्रजी. 'आय विल कम, देन' लोकांनी दंडावर गोंदवून घेतलं. ही 'ऑरेंज' कोण, असा शोध सुरू झाला आणि मी सापडले. मला चाहत्यांच्या संमेलनांना बोलावणी यायला लागली. मी गेले. एकदा नाही, पाच-सहा वेळा गेले. सॅन होजेच्या संमेलनाला तर दत्ताच मला गाडीने घेऊन गेला आणि मागच्या ओळीत कॉफीचा कप घेऊन बसला. एका मुलीने उभं राहून विचारलं, ते वाक्य तुम्हाला कसं सुचलं? तिचा आवाज कापत होता. तिची आजी गेली तेव्हा आजीला निरोप देताना या मुलीने तेच वाक्य म्हटलं होतं. मी म्हणाले, माझ्या मातृभाषेत निरोप घेताना आम्ही जाते म्हणत नाही, येते म्हणतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि तरी ती धडधडीत चोरी होती. परतताना फ्रीवेवर मी जीव मुठीत धरून बसले होते, की आता हा बोलेल. दत्ता म्हणाला, "छान बोललीस." आणि रेडिओ लावला.

त्याच सुमारास त्याने कंपनीचा इतिहास लिहायला घेतला. गॅरेजमध्ये गाडी कधी शिरलीच नाही, भिंतभर कागद. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की खेळ राहिले पण त्यांखाली 'मुळा' आणि 'डावखुरी मांजर' राहिले, माणसं गेली कुठे? त्याने जपानी आणखी शिकून घेतलं, कंपनीतल्या म्हाताऱ्या लोकांना पत्रं घातली, दोनदा ओसाकाला जाऊन आला. एकेका टोपणनावासमोर खरं नाव बसवत गेला. 'मुळा' म्हणून संगीत देणारे गृहस्थ वारले होते. त्यांच्या बायकोला दत्ताने नवऱ्याचं खरं नाव लिहिलेलं पान पाठवलं, तर तिने ते देवघरात ठेवल्याचं कळवलं. हे मला सांगताना त्याचे डोळे भरून आले आणि मी विषय बदलून, चहा टाकू का, म्हणाले.

त्याचा एक नियम होता, आणि त्यावर तो कुणाचं ऐकायचा नाही. कुणाचंही नाव त्या माणसाच्या स्वतःच्या सांगण्यावरून घालायचं नाही. खेळ गाजायला लागल्यावर एकाच धूनवर चौघं हक्क सांगायला लागले होते. म्हणून, त्याच खोलीत बसून काम केलेल्या दुसऱ्या माणसाने सांगितलं पाहिजे, की हो, हे याने केलं. यादीत त्यासाठी शेवटचा रकाना होता, साक्ष. मी त्याची थट्टा करायचे, "कोर्ट उघडलंयस का रे?" तो हसायचा.

गेल्या दोन वर्षांत त्याने मला तीनदा म्हटलं असेल, "वसू, म्हातारीच्या खेळाचं पान तेवढं राह्यलंय. बघतीस का?" फाइल पाठवली होती. मी उघडली नाही. कामात आहे, चष्मा बदलायचाय, नातू आलाय... शेवटचा तो माझ्या दारात आला होता तो फेब्रुवारीत, झाडावरची लिंबं घेऊन. चप्पल घालताना म्हणाला, "येतो मग. ते पान बघ गं एकदा." मी म्हटलं, "हो रे बाबा, बघते." दार लावलं आणि लिंबं धुवायला घेतली.

फ्युनरल होममध्ये रेवा बोलायला उभी राहिली. आमच्या मुलांसारखीच ती, मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. ती म्हणाली, मी लहान असल्यापासून घरातून निघताना आम्ही बाय म्हणत नाही. बाबांच्या आवडत्या खेळातलं एक वाक्य म्हणतो. ते वाक्य लिहिणारी माझी वसूमावशी इथे बसली आहे. थँक यू, मावशी. आणि तिने बापाकडे वळून म्हटलं, 'आय विल कम, देन'. खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. तिने ते कार्डावरही छापलं होतं, खाली माझं नाव. म्हणजे दत्ताने पोटच्या पोरीलासुद्धा सांगितलं नव्हतं! उठून बोलायची वेळ तीच होती. मी काय केलं? हात जोडले आणि मान लववली. त्या माणसाचा देह समोर असताना.

तेराव्यानंतर रेवाने मला गॅरेजमध्ये बोलावलं. एका विद्यापीठाचं ग्रंथालय तो सगळा इतिहास ठेवून घ्यायला तयार होतं, फक्त एक पान अपुरं होतं. त्यावर बापाच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'वसूला दाखवणे'. तिने पान माझ्यासमोर ठेवलं. छत्रीवाल्या म्हातारीचा खेळ. ओळीने टोपणनावं, खरी नावं, साक्ष. 'ऑरेंज', माझं पूर्ण नाव, केलेलं काम: तीन गावं आणि तपासणी, साक्ष: दत्ताची सही. तेवढंच, जेवढं मी केलं होतं तेवढंच, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. त्याखाली पेन्सिलने: 'भडंग'. दत्तात्रय, पूर्ण नाव. केलेलं काम: बाकी सर्व इंग्रजी. खेळात नाव का नाही: कोरं. साक्ष: कोरं. पानाला एक पिवळा पडलेला प्रिंट टाचला होता, त्या चिपमधल्या जागेचा नकाशा. वर तारीख, तो सांगलीहून परत आला त्याच आठवड्यातली. शेवटचा मोठा तुकडा पेन्सिलने गोल करून लिहिलं होतं, 'रिकामी'.

मोरिता-सान जाऊन बरीच वर्षं झाली. बारा जणांत इंग्रजीच्या कामाला आम्ही तिघंच होतो, तेव्हा त्या खोलीत बसून काम केलेलं, हे सांगू शकेल असं माणूस मी एकटीच उरले होते. त्याच्याच नियमाने त्याला स्वतःचं नाव घालता येत नव्हतं. म्हणून तो म्हणत होता, पान बघ. तो मला पकडायला बघत नव्हता, साक्ष मागत होता. आणि मी दोन वर्षं त्याला लिंबांबद्दल थँक्स म्हणत राहिले.

"हू इज भडंग?" रेवाने विचारलं. "दॅट्स द स्नॅक, राइट?"

मी तिला सगळं सांगितलं. मराठीत, कारण इंग्रजीत मला ते जमेना. मधेमधे थांबत, पण काही गाळलं नाही, फॅक्स, खोडलेलं नाव, जागा नव्हती म्हटलं ते, सॅन होजे, स्टोअरमध्ये वाटलेलं हायसंसुद्धा. ती उभीच होती. मग तिने एवढंच विचारलं, "डिड बाबा नो? द होल टाइम?" मी म्हटलं, "हो." तिने टेबलावरचा पेन उचलून माझ्यापुढे सरकवला. मी साक्षीच्या रकान्यात सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'जागा होती. मी नाव घातलं नाही.' 

हे सगळं मी आधी इंग्रजीत लिहून त्या चाहत्यांच्या साइटवर टाकलं आणि मगच हा लेख लिहायला बसले. नुसतं मराठीत लिहिलं असतं तर ते पुन्हा लपणंच झालं असतं, त्यांच्यातल्या कुणाला मराठी येतं? काहींनी समजुतीचं लिहिलं, काहींनी चांगलं झोडपलं. त्या कापऱ्या आवाजाच्या मुलीने काहीच लिहिलं नाही. ग्रंथालयातल्या यादीत आता नाव आहे. पण माझ्या कपाटातलं ते कार्ट्रिज, आणि जगात जिथे जिथे ते आहे तिथलं प्रत्येक, त्यात काही बदलता येत नाही. खेळ संपला की अजूनही 'ऑरेंज' येतं आणि खाली काळा पडदा. सात अक्षरांची जागा तिथे तशीच आहे, रिकामी.

त्या दिवशी रेवा मला गाडीपर्यंत सोडायला आली. दार तिनेच उघडलं, पट्टा लावलाय ना ते वाकून बघितलं, संस्कार बापाचे. मी काच खाली केली आणि वाट बघत राहिले. ती चार वर्षांची असल्यापासून माझ्या घरातून निघताना, मला सोडायला आल्यावर, फोन ठेवताना, ती एकच वाक्य म्हणत आली आहे.  तिने गाडीच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाली, "गुडबाय, मावशी."